एकटीने अंदमान, मार्च महिन्यात: बोटी, मुक्काम, कागदपत्रं आणि संध्याकाळी

पारिजातक_५८

नमस्कार. यांना जाऊन नऊ महिने झाले. मी ५८ वर्षांची, राहायला पुण्यात. १२ मार्चला आमच्या लग्नाचा वाढदिवस असतो. तो दिवस या वर्षी घरात काढायचा नाही, समुद्राजवळ असायचं, एवढं मनाशी पक्कं आहे. अंदमान ठरवलंय आणि एकटीनेच जायचंय.

सध्याचा आराखडा असा: ११ मार्चला पोर्ट ब्लेअर, १२ ला सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे दोन रात्री, मग नीलला एक रात्र, आणि १५ ला नीलहून परत येऊन त्याच दिवशी संध्याकाळचं विमान.

प्रश्न बरेच आहेत. हा क्रम बरोबर आहे का? तिथे सगळी नवी लग्न झालेली जोडपी असतात म्हणतात, त्यात एकट्या बाईने मुक्काम कुठे आणि कसा घ्यावा? मला पोहता येत नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पाण्यात कितपत उतरावं? अस्थींचा थोडा भाग ठेवलेला आहे, तो तिथे समुद्रात सोडता येईल का, विमानात नेता येतो का? आणि नात्यातले काहीजण म्हणतात की वर्ष व्हायच्या आत जाऊ नये. यावरही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

बेटांवर

ताई, मार्च ही निवड चांगली आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि बोटी रद्द होतात, मेपासून पावसाळी समुद्र. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत. शिवाय लग्नसराईनंतरची मोठी गर्दी डिसेंबर-जानेवारीत होऊन जाते आणि मार्चमध्ये परीक्षांमुळे कुटुंबंही कमी असतात. ऊन कडक असतं, तेवढं धरून चला.

आराखड्यात मात्र दोन मोठ्या चुका आहेत.

पहिली: १२ तारीख बोटीत जाईल. त्या दिवशी पहाटे उठून सामान बांधणं, जेट्टीवरची रांग, बोट लागणं, नवी खोली, नवी माणसं, हे सगळं एकदम येईल. ज्या दिवसासाठी जाताय तो दिवस त्याच बेटावरचा तिसरा दिवस असावा. तोवर खोली, वाट, जेवणाची वेळ ओळखीची झालेली असते. म्हणजे ९ मार्चला पोर्ट ब्लेअर, १० ला हॅवलॉक, आणि १३ ची रात्रही तिथेच.

दुसरी: बोटीने परत येऊन त्याच दिवशी विमान पकडणं. वारा वाढला की खाजगी वेगवान बोटी रद्द होतात, आणि बेटावरून निघायला दुसरा रस्ता नाही. विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची, हा अंदमानचा पहिला नियम.

नील या वेळी सोडा. एका रात्रीसाठी दोन बोटी, दोनदा सामान, दोनदा खोली. त्यापेक्षा हॅवलॉकला चार रात्री सलग राहा. नीलचा तो नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच बघता येतो, त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात वेळ जुळली नाही तर तोही हुकतो.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं डिसेंबर २०१८ पासून. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटांवर जुनं किंवा नवं, कोणतंही नाव दिसेल, जागा तीच. भारतीय नागरिकांना या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र प्रत्येक बोटीला लागतं.

विमान: पुण्याहून चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यामार्गे. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही आणि सामानही पुन्हा घेऊन पुन्हा द्यावं लागतं. एकाच तिकिटावर ते थेट पोर्ट ब्लेअरला मिळतं. चेन्नईहून पुढे साधारण सव्वादोन तास.

बोट: खाजगी वेगवान बोट हॅवलॉकला सुमारे दीड तासात पोचते, सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास. खाजगी बोटीत बंद वातानुकूलित दालनात बसावं लागतं, प्रवासात बाहेर डेकवर बहुधा सोडत नाहीत. कोंडल्यासारखं होत असेल किंवा छाती भरून येत असेल, तर सरकारी बोट बरी, तिथे डेकवर मोकळ्या हवेत उभं राहता येतं. तिचं तिकीट मिळवायला खटपट जास्त आहे, स्थानिक एजंट किंवा हॉटेलवाल्याला आधीच सांगून ठेवा. खाजगी बोटीत खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या रांगेतली जागा मागा, तिथे हेलकावे कमी बसतात. सुटायच्या तासभर आधी जेट्टीवर. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारनंतर वारा वाढतो.

बोट लागण्यावरची प्रोमेथाझिनची गोळी निघण्याआधी तास-दीड तास घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. तिने झोप येते. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच. रिकाम्या पोटी बसू नका, कोरडी पोळी किंवा बिस्किटं खाऊन निघा.

आता मुक्काम. पॅकेजची किंमत 'दोघांत एक खोली' या हिशेबाने दरडोई लिहिलेली असते. एकटीला बहुतेक वेळा जवळजवळ पूर्ण खोलीचे पैसे पडतात, आणि वर त्यात मेणबत्त्यांचं जेवण, केक, पलंगावर फुलांची सजावट असलं सगळं बांधलेलं असतं. म्हणून पॅकेज घेऊच नका. विमान, बोट, खोली वेगवेगळी आरक्षित करा आणि खोलीचं नक्की झाल्यावर हॉटेलला लेखी निरोप पाठवा: 'मी एकटी येत आहे. दोन वेगळे पलंग असलेली खोली हवी. खोलीत फुलांची सजावट, केक किंवा शुभेच्छांचा फलक नको. खोली स्वागतकक्षाच्या जवळ द्यावी.' हा निरोप पोचण्याच्या आदल्या दिवशी फोनवर पुन्हा सांगा, कारण सजावट करणारा मुलगा वेगळा असतो आणि ईमेल वाचणारा वेगळा. आरक्षण करताना 'प्रसंग' असा रकाना असतो, तिथे लग्नाचा वाढदिवस चुकूनही लिहू नका. लिहिलंत तर केक हमखास येतो.

किनाऱ्यालगतची शेवटची झोपडी फोटोत सुंदर दिसते, पण रात्री तिथे अंधार असतो आणि वीजही जाते. आतून कडी नीट लागते का, हे सामान ठेवायच्या आधी बघा. टॉर्च सोबत हवा. नाश्ता आणि रात्रीचं जेवण खोलीच्या दरात घ्या, म्हणजे अंधार पडल्यावर जेवणासाठी बाहेर जावं लागणार नाही.

बेटावर गावांना आकडे आहेत. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला (गोविंदनगर), बरीच हॉटेलं तीन आणि पाच नंबरच्या (विजयनगर) पट्ट्यात, राधानगर म्हणजे सात नंबर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतींचे हे क्रमांक, म्हणून आजही जेवणात मासे-भात आणि बोलण्यात बांगला. रिक्षावाल्याला 'सात नंबर' म्हटलं की पुरतं. जेट्टीपासून राधानगर बारा किलोमीटरच्या आसपास आहे. सूर्यास्तानंतर तिथे रिकामी रिक्षा मिळणं कठीण, म्हणून जाता-येताचे आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवून तीच रिक्षा थांबवून ठेवा.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा. चेन्नईहून समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारलंय, तरी हॅवलॉकला ते मध्येच जातं आणि मग यूपीआय अडकतं. एटीएम थोडी आहेत आणि त्यात नेहमी पैसे असतीलच असं नाही.

पासबुक

वरचं सगळं बरोबर आहे. पैशांचं आणि कागदांचं बघतो, कारण पहिल्या वर्षात नेमकं तेच प्रवासात अडतं.

ताई, तुमचं क्रेडिट कार्ड तुमच्या नावाचं असलं तरी ते पतीच्या खात्यावरचं पुरवणी कार्ड आहे का, हे आज तपासा. मूळ कार्डधारकाच्या निधनाची नोंद झाली की पुरवणी कार्डही बंद होतं. त्यांचं एटीएम कार्ड पिन माहीत असला तरी वापरू नये. संयुक्त खातं 'दोघांपैकी एक किंवा हयात व्यक्ती' अशा पद्धतीचं असेल तर मृत्यू दाखला देऊन ते तुमच्या एकटीच्या नावावर चालू राहतं. हे काम निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी संपवा आणि नवीन डेबिट कार्ड पुण्यातच एकदा वापरून बघा.

दुसरी अडचण मोबाइलची. बँकेचा ओटीपी कोणाच्या नंबरवर येतो? आधार कोणाच्या नंबरला जोडलंय? अनेक घरांत सगळं नवऱ्याच्या सिमवर असतं. ते सिम तीन महिने वापरात नसेल तर बंद होऊ शकतं, पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला दिलाही जातो. मृत्यू दाखला देऊन सिम आपल्या नावावर करता येतं. आधारचा नंबरही निघण्याआधी बदलून घ्या.

तिसरी गोष्ट लहान आहे पण जिव्हारी लागते. तुमच्या फोनमधला आपत्कालीन संपर्क, विमान कंपनीच्या खात्यातला 'सहप्रवासी', विम्यातला नॉमिनी, या सगळ्या ठिकाणी अजून त्यांचं नाव असेल. काउंटरवर कोणी ते मोठ्याने वाचून दाखवण्याआधी घरी बसून बदलून घ्या. मुलगा परदेशात असेल तर आपत्कालीन संपर्क भारतातल्या कोणाचा तरी द्या, जो रात्री दोनलाही फोन उचलेल.

तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः एक हवं. माहेरचं-सासरचं नाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर एकच कागद ठरवा आणि विमान, बोट, हॉटेल सगळीकडे तोच वापरा. मूळ मृत्यू दाखला घरीच ठेवा. दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो पुरे. त्यांच्या नावाने आधी काढलेलं एखादं न वापरलेलं तिकीट असेल, तर दाखला जोडून कंपनीकडे लेखी मागणी करा, निधनाच्या कारणावरून परतावा देण्याची बऱ्याच ठिकाणी सोय असते.

खारंपाणी

पोहता येत नाही ही अडचण नाही. नियम पाळा म्हणजे झालं.

राधानगर बेटाच्या पश्चिमेला, म्हणून सूर्यास्त तिथे. दिवसा तिथे जीवरक्षक असतात. त्यांच्या समोरच्या पट्ट्यातच उतरा आणि कमरेच्या वर पाणी येऊ देऊ नका. लाटेकडे पाठ करायची नाही. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा गुळगुळीत, गडद, लाट न फुटणारा पट्टा दिसला तर तो शांत वाटतो म्हणून तिकडे जाऊ नका, परतीचं पाणी तिथूनच आत ओढतं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे झगडू नका. उताणं तरंगा, हात वर करून हलवा. त्या ओढीची ताकद थोड्या अंतरावर संपते, दमलेला माणूस त्याआधीच बुडतो. खारफुटीजवळ आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात अजिबात उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाटी लावलेली असेल तिथे ती गंभीरपणे घ्या.

पूर्वेकडचे किनारे, म्हणजे विजयनगर आणि काळापत्थर, सूर्योदयासाठी. ओहोटीला विजयनगरचं पाणी खूप आत जातं आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात. अनवाणी चालू नका, रबरी बूट घाला. प्रवाळाचा ओरखडा लहान दिसतो पण त्यात बारीक कण अडकतात आणि तो चिघळतो. पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवून, कण घासून काढून, जंतुनाशक लावायचं. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. भरती-ओहोटीसाठी कोकणातलं तिथीचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका, पोर्ट ब्लेअरचं कोष्टक बघा.

स्कूबा सगळे आग्रहाने विकतील. न पोहणाऱ्यांनाही प्रशिक्षकाबरोबर १२ मीटरपर्यंत नेतात हे खरं. पण आधी आरोग्याचा अर्ज भरावा लागतो. त्यात पंचेचाळिशीनंतरचं वय, रक्तदाब, हृदय, दमा, मानसिक आजारावरची औषधं असे प्रश्न असतात. 'सगळीकडे नाही लिहा, काही होत नाही' असं कोणी म्हणालं तर तिथून निघून या. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा पुण्यातच डॉक्टरांचं लेखी पत्र घ्या, नाहीतर बेत सोडा. शिवाय झोप पुरती नसेल, रडू अचानक येत असेल, तर तोंडात नळी धरून श्वास घेताना घशात आवंढा आला की घाबरगुंडी उडते आणि माणूस झपाट्याने वर यायला बघतो. पाण्याखालचा खरा धोका हाच. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ छान दिसतं, तेवढं करा. डाइव्ह केलीच तर विमानाआधी किमान १८ तास जायला हवेत.

वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पायाला चावतात आणि आठवडाभर खाज राहते. ओल्या वाळूत थेट बसू नका, चटई हवी. पायाला खोबरेल चोपडून ठेवलं तर चावे कमी होतात.

पारिजातक_५८

सगळ्यांचे खूप आभार. पुरवणी कार्डाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, माझं तेच निघालं.

अस्थींचं आणि वर्षाच्या आतलं राहिलं. आणखी एक विचारते. दिवसा मी ठीक असते. संध्याकाळी दिवेलागणीला फार जड जातं. घरी निदान टीव्ही असतो, शेजारी असतात. तिथे काय करायचं?

सोबत

ताई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारलात. शोकात असलेल्या माणसांबरोबरच्या कामातून जे ठामपणे सांगता येतं तेवढंच लिहिते.

आधी एक थेट प्रश्न. समुद्रात जावं आणि परत येऊ नये, असा विचार मनात येतो का? अधूनमधून जरी येत असेल, तर हा प्रवास पुढे ढकला आणि या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आठवडेच्या आठवडे झोप नसणं, जेवण तुटणं, घराबाहेर पडताच न येणं, झोपेच्या गोळ्या किंवा दारू वाढणं, ही सुद्धा थांबण्याची कारणं आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. यातलं काही नसेल आणि नुसतं जड वाटत असेल, तर जरूर जा. जड वाटणं हे न जाण्याचं कारण नाही.

आता संध्याकाळ. अंदमान पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. म्हणून मार्चच्या मध्यात तिथे साडेपाचला सूर्य मावळतो आणि सहाला काळोख होतो. पुण्यापेक्षा सव्वा तास आधी. म्हणजे तुमची अवघड वेळ लवकर सुरू होते आणि झोपेपर्यंत चार तास उरतात. हे माहीत नसलं की पहिल्याच दिवशी माणूस खचतो आणि 'उगाच आले' असं वाटतं.

उपाय दोन. एक, दिवसच पुढे ओढून घ्या. सकाळी साडेपाचला उजेड असतो. पाचला उठा, काळापत्थरला सूर्योदय बघा, दुपारी तासभर पडा आणि रात्री नऊला झोपा. दुसरं, साडेचार ते नऊ हा वेळ आधीच कागदावर लिहून ठेवा. साडेचारला चहा. पाच ते सहा राधानगर, रिक्षा थांबलेली. साडेसहाला गरम पाण्याने अंघोळ. सातला ठरलेला फोन, रोज एकाच माणसाला आणि रोज त्याच वेळी. साडेसातला जेवण. मग हाताला काम: विणकाम, वही, जपमाळ, तुमचं जे असेल ते. त्या माणसाला सांगून ठेवा की साडेसातपर्यंत फोन आला नाही तर हॉटेलला फोन करायचा. त्यामुळे तुमचंही मन निश्चिंत राहतं आणि मुलाचंही.

जेवणाच्या टेबलावर समोरची रिकामी खुर्ची खुपते. भिंतीकडे किंवा समुद्राकडे तोंड करून बसा, आणि दुसरं ताट-वाटी उचलायला वाढप्याला बसल्याबरोबर सांगा. जोडप्यांची गर्दी व्हायच्या आत जेवून घ्या.

लोक विचारतील: 'मिस्टर नाही आले?' रिक्षावाला, शेजारच्या खुर्चीतल्या काकू, फोटो काढून देणारी मुलगी. त्यात वाईट हेतू नसतो, पण दर वेळी सगळं सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. दोन उत्तरं घरून तयार करून न्या. अनोळखी माणसाला: 'नाही, या वेळी मी एकटीच.' रिक्षावाल्याला किंवा खोली दाखवणाऱ्याला: 'घरचे फोनवर आहेत', म्हणजे तुम्ही एकट्या आहात याची नको तिथे चर्चा होत नाही. ज्याला सांगावंसं वाटेल त्याला खरं सांगा. उत्तर मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यांदा आवाज फुटत नाही.

अचानक भरून आलं तर खाली बसा, उभं राहू नका. तळवे वाळूत टेकवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. मग थोडं पाणी प्या. शोकात विसरभोळेपणाही वाढतो, ही मनाची दमणूक आहे. म्हणून तिकिटं छापून एकाच फोल्डरमध्ये, किल्ली गळ्यातल्या दोरीला, गोळ्या वारांच्या डबीत. गोळ्या तीन दिवस जादा घ्या, चिठ्ठीसह, आणि हातातल्या पिशवीत. झोपेची नवी गोळी प्रवासात पहिल्यांदा घेऊन बघू नका.

१२ तारखेचं: सकाळसाठी एकच गोष्ट ठरवा आणि ती सकाळीच करा. दुपार मोकळी. संध्याकाळ इतर दिवसांसारखीच. दिवसभर काहीतरी 'करायचं' ठेवलं की शेवटी हाती थकवा येतो.

वर्षाच्या आतलं. यावर घराघरांत आणि गुरुजींगुरुजींत मतं वेगळी आहेत. पहिल्या वर्षी सण-समारंभ टाळण्याची रीत आहे, पण तुमचं जाणं समारंभ नाही. तुमच्याकडे मासिक श्राद्ध होत असेल तर ती तिथी त्या आठवड्यात येते का, हे पंचांगात बघा आणि घरच्या गुरुजींना विचारा. वर्षश्राद्धाच्या किमान दहा-बारा दिवस आधी परत या. नातेवाइकांना एकच वाक्य सांगा, 'गुरुजींशी बोलून ठरवलंय', आणि तिथे थांबा. खुलासा लांबला की वाद लांबतो.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: परतण्याची. जाण्यापेक्षा परत येणं जास्त जड जातं, कारण या वेळी दार उघडल्यावर 'कसा झाला प्रवास' विचारणारं कोणी नसतं. विमान असं घ्या की दिवसाउजेडी घरी पोचाल. शेजारणीला किंवा बहिणीला किल्ली देऊन ठेवा. दिवा लावलेला, दूध आणलेलं, आणि शक्य असेल तर पहिल्या रात्री ती तुमच्याकडे मुक्कामाला. हे आत्ताच ठरवा, तिथून फोन करून नाही.

बेटांवर

अस्थींचं सांगतो. देशांतर्गत विमानात नेता येतात. सामानात देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मृत्यू दाखला आणि अंत्यसंस्काराची पावती किंवा दाखला, दोन्हींच्या झेरॉक्स सोबत. विमान कंपनीला दोन दिवस आधी फोन करून कळवा. तांब्याचा कलश घेऊ नका, क्ष-किरण यंत्रात धातूच्या आतलं दिसत नाही आणि मग तो उघडायला लावतात. लाकडी किंवा जाड प्लास्टिकची घट्ट झाकणाची डबी, भोवती पांढरं कापड. तपासणीच्या रांगेत स्वतःहून हळू आवाजात सांगा की यात अस्थी आहेत. बाजूला नेऊन तपासायची विनंती करता येते.

कापूर, काडेपेटी, सुकं खोबरं विमानात चालत नाही. नारळ, फुलं, हळद-कुंकू तीन नंबरच्या बाजारात मिळतं.

विसर्जन राधानगरच्या गर्दीत करू नका. किनाऱ्यावरून सोडलेलं लाट परत आणते, आणि ते बघवत नाही. मच्छीमाराची लहान बोट, तिकडे डुंगी म्हणतात, ती हॉटेलवाल्यामार्फत आदल्या दिवशी ठरवा. कशासाठी जायचंय ते आधी स्पष्ट सांगा, नाही म्हणणारा आधीच नाही म्हणेल. सकाळी सहा-सातची वेळ, वारा पडलेला असतो. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बोटीत बसू नका. वाऱ्याकडे पाठ करा, बसूनच राहा, हात पाण्याच्या अगदी जवळ न्या आणि मग हळू सोडा. उभं राहून वरून सोडलं की राख अंगावर येते आणि बोटही डुलते. सुटी फुलं चालतील. हार, दोरा, कापड, डबी, काहीही पाण्यात नको. डबी परत आणा. प्रवाळाच्या उथळ पट्ट्यावर नको, थोडं खोल पाण्यात.

तिथून आठवण म्हणून शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका. प्रवाळ आणि बरेच शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर सामानातून काढून घेतात आणि गुन्हाही होऊ शकतो. मेलेला, वाळूत पडलेला असला तरी.

पारिजातक_५८

नवा आराखडा लिहिते, चूक असेल तर सांगा. ९ ला पोर्ट ब्लेअर. १० ला पहिल्या बोटीने हॅवलॉक. १२ ला पहाटे डुंगी. १५ ला दुपारच्या बोटीने परत पोर्ट ब्लेअर, १६ ला सकाळचं विमान, संध्याकाळी पाचच्या आत घरी. बहीण त्या रात्री येणार आहे, तिला आजच सांगितलं. सेल्युलर जेल ९ ला दुपारीच करून टाकावं का?

बेटांवर

१५ ची दुपारची बोट बदला. दुपारची बोट वाऱ्याने रद्द झाली तर १६ ला सकाळच्या विमानाला पोचता येणार नाही. १४ ला सकाळीच निघा, एक पूर्ण दिवस हाताशी राहील. समुद्र फारच चांगला असला तरी १५ च्या सकाळच्या पुढे जाऊ नका.

सेल्युलर जेल ९ ला नको. पहाटेपासून प्रवास झालेला असेल, आणि ती जागा जड आहे. सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणूस खास वेळ काढून जातो, दमलेल्या पायांनी नाही. ते १४ ला ठेवा. संध्याकाळी तिथे ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्यात दिवेलागणीनंतरचा वेळ माणसांत बसून जातो. त्याचं तिकीट हॉटेलवाल्याकडून आधी काढून घ्या. ९ ला फक्त जेवण, अंघोळ आणि झोप.

१० ची पहिली बोट पहाटे लवकर सुटते, तेव्हा हॉटेलात नाश्ता सुरू झालेला नसतो. ९ च्या रात्रीच सांगून पोळी-भाजी बांधून घ्या.